रात्र नव्हे, रखडणं घातक



‘अतिदक्षता विभागात रात्री दाखल केलेला रुग्ण वाचत नाही, सकाळ होऊ द्यावी’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं विधान वाचून मी फार अस्वस्थ झाले. या विभागात मी तेवीस वर्षं परिचारिका होते. हे वाचून कुणी धाप लागलेल्या वडिलांना उजाडेपर्यंत घरीच ठेवलं तर?

‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात रात्री दाखल झालेल्यांचं मृत्युप्रमाण वाढलेलं दिसलं नाही. शनिवार-रविवारचं मात्र थोडं जास्त होतं. त्याआधी २००७ साली अमेरिकेतल्या ५० हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आपत्कालीन विभागातून अतिदक्षता विभागात पोहोचायला सहा तासांहून अधिक लागलेल्यांपैकी १७.४ टक्के रुग्णालयात दगावले, वेळेत पोहोचलेल्यांपैकी १२.९ टक्के. आजाराची तीव्रता धरूनही फरक उरलाच.

हे रखडणं मी पाहिलंय. एका रविवारी रक्तात जंतुसंसर्ग पसरलेले एक आजोबा कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर होते, वरचा रक्तदाब ८०. सलाईनची बाटली नातवानं हातात उंच धरलेली. वर आमच्याकडे एक रुग्ण वॉर्डात हलवण्याजोगा होता, पण त्याच्या कागदावर सही करणारे मोठे डॉक्टर सोमवारी येणार होते. खाट मिळेपर्यंत आजोबांची लघवी थांबली होती.

पत्रलेखकांनी घड्याळाला दोष देण्याऐवजी रविवारी ती सही कोण करतं, हे आपल्या गावातल्या रुग्णालयांना विचारावं. आणि रुग्णाला न्यायचं ते लगेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा