विश्लेषण : १६२ सामने, १२१ पराभव... शिकागो व्हाइट सॉक्सवर ही वेळ कशी आली?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्यातले १२१ गमावले. १९०० नंतर एकाच मोसमात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. आधीचा नकोसा विक्रम न्यू यॉर्क मेट्सचा होता, १९६२ मध्ये १२० पराभव. पण मेट्सचा तो पहिलाच मोसम होता. व्हाइट सॉक्स १९०१ पासून अमेरिकन लीगमध्ये आहेत आणि २०२१ मध्ये ९३ विजयांसह ते गटविजेते होते. म्हणूनच ही नामुष्की मोठी.

क्लबच्या इतिहासात या मोसमाचे स्थान काय?

या क्लबने टोके पाहिली आहेत. १९१७ मध्ये १०० विजय आणि जगज्जेतेपद. दोनच वर्षांनी वर्ल्ड सिरीजमध्ये सामनेनिश्चिती, त्यात आठ खेळाडूंवर कायमची बंदी. पुढचे जगज्जेतेपद थेट ८८ वर्षांनी, २००५ मध्ये. पराभवांचा क्लबचा उच्चांक होता १०६, तोही १९७० मधला. २०२४ ने तो १५ ने मागे टाकला.

नशीबच फुटके होते का?

हे धावांवरून तपासता येते. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे अपेक्षित विजयांचे प्रमाण. व्हाइट सॉक्सने ५०७ धावा केल्या, ८१३ दिल्या. उत्तर येते साधारण ४५ विजय. प्रत्यक्षात मिळाले ४१. म्हणजे नशिबाच्या खात्यावर फार तर चार सामने. ते मिळाले असते तर विक्रम टळला असता, मोसम नाही.

मग जबाबदार कोण?

जुलै-ऑगस्टमध्ये संघ सलग २१ सामने हरला. ६ ऑगस्टला ऑकलंडमध्ये ही मालिका तुटली आणि दोनच दिवसांत व्यवस्थापक पेड्रो ग्रिफोल यांना हटवण्यात आले. खापर फोडायला ते सोयीचे होते, इतकेच. मुळे जुनी आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये क्लबने पिचर ख्रिस सेलला बोस्टनला देऊन संघाची नव्याने उभारणी सुरू केली. तिचे फळ म्हणजे २०२१ चे गटविजेतेपद. तेवढेच. २०२२ मध्ये ८१ विजय, २०२३ मध्ये ६१, मग ही घसरण. आणि २०२४ मध्येच सेलने अटलांटाकडून खेळताना साय यंग पुरस्कार पटकावला! या सगळ्या काळात न बदललेले नाव एकच, १९८१ पासूनचे मालक जेरी राइन्सडॉर्फ. सप्टेंबरमधल्या शेवटच्या घरच्या मालिकेत ‘संघ विका’ अशा घोषणा झाल्या. ती मालिका संघाने ३-० अशी जिंकली आणि विक्रम डेट्रॉइटला जाऊन केला.

निदान नवे गुणवान खेळाडू तरी?

तळाच्या संघांना निवडीत झुकते माप मिळते, असा समज आहे. पण मोठ्या शहरांतल्या श्रीमंत क्लबना सलग दोन वर्षे वरचा क्रमांक मिळत नाही. त्यामुळे १२१ पराभवांनंतरही २०२५ च्या निवडीत व्हाइट सॉक्सचा क्रमांक दहावा होता. त्या मोसमात ६० विजय आणि १०२ पराभव झाले, सलग तिसऱ्यांदा शंभरी. जस्टिन इश्बिया यांच्याकडे मालकी सोपवण्याचा करार २०२५ मध्ये जाहीर झाला आहे, पण २०२९ च्या आधी ताबा बदलणार नाही.