बदललेली मोटारसायकल आणि तिचा हरवलेला नकाशा

शेतकऱ्याच्या दारात आज बैलजोडी असेलच असे सांगता येत नाही. मोटारसायकल मात्र बहुधा असतेच. सकाळी दुधाच्या किटल्या, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी फवारणीचा पंप आणि रात्री पाण्याची पाळी, ही सारी कामे तिच्याच पाठीवर पडतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलखास तर हे यंत्र मुळीच परके नाही. १९८५ साली वाळूज येथे बजाज कंपनीचा कारखाना सुरू झाला. पुढे गाड्यांचे सुटे व विद्युत भाग तयार करणारे कारखानेही तेथे उभे राहिले, आणि आसपासच्या कित्येक शेतकरी घरांतील मुले तेथे कामास लागली. असे असूनही आमच्या खेड्यांतील मोटारसायकलींचे वायरिंग पाहिले म्हणजे मन खिन्न होते.

गाडीत आपल्या सोयीचा बदल करण्यास आमचा विरोध नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलीस मागच्या बाजूने औत जोडून ‘बुलेट सांती’ तयार केली, आणि त्या युक्तीस पुढे पेटंटही मिळाले. गरज पडली की कुणबी यंत्रासही आपल्या कामाला जुंपतो, हे भूषणावहच आहे. आमची तक्रार निराळी आहे. गाडी बदलली जाते, पण त्या बदलाची नोंद कोठेही राहत नाही.

आमची नोकरी महसुलाच्या दप्तरात झाली. वाटणी झाली, वारस लागला, खरेदीखत झाले, की फेरफार घालावाच लागतो. तो राहिला तर पुढच्या पिढीच्या दारात भांडण ठेवल्यासारखेच होते. मोटारसायकलीच्या वायरिंगचेही तसेच आहे. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा प्रत्येक तारेस ठरलेला रंग असतो, प्रत्येक जोडास ठरलेला कपलर असतो आणि त्या साऱ्याचा नकाशा कंपनीजवळ असतो. मालक पहिला जादा दिवा पुढच्या दिव्याच्या तारेस पिळून बांधतो, त्या दिवशी नकाशा आणि गाडी यांची फारकत सुरू होते. मग दुसरा दिवा येतो, मोठा हॉर्न येतो, मोबाइल चार्जर येतो. चार वर्षांनी कोणती तार कोठे जाते हे मालकास ठाऊक नसते आणि मिस्त्रीसही नसते.

आमच्या भावकीतील एका तरुणाची हकीकत येथे सांगणे अवश्य वाटते. त्याने गाडीची मागची बाजू कापून किटल्या व फवारणीचा पंप बसेल असा मजबूत सांगाडा जोडून घेतला, सर्व लोखंडास जाड रंग दिला आणि रात्रीच्या पाळीसाठी पुढे दोन तेजस्वी एलईडी दिवे लावले. काही दिवसांतच दिवे मंद होऊ लागले, फ्यूज वारंवार उडू लागला. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पुढे रेग्युलेटर बदलला. तिसऱ्या वेळी पुन्हा बॅटरी. अखेरीस कंटाळून कोणी तरी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळला. एका अमावास्येच्या रात्री कालव्याच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंस ऊस असताना, गाडीचे सर्व दिवे एकदम गेले आणि टाकीखालून धूर निघू लागला. मुलगा गाडी टाकून बाजूला झाला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली तेव्हा पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर वायरचा जुडगा वितळून एकजीव झालेला आढळला.

या अनर्थाचे मूळ एका जाणत्या कारागिराने मीटर लावून थोड्याच वेळात दाखवले. मोटारसायकलीत विजेचा परतीचा मार्ग सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो. यालाच अर्थ म्हणतात. नव्या सांगाड्यास जाड रंग दिल्यावर त्या रंगावरच अर्थचा बोल्ट आवळला होता. रंगातून वीज वाहत नाही. त्यामुळे दिवे मंद झाले, आणि दोष नसलेल्या दोन बॅटऱ्या व एक रेग्युलेटर भंगारात गेले. फ्यूज उडण्याचे कारण दुसरेच होते. जादा दिव्यांची तार टाकीच्या कडेवर घासून सोलली गेली होती व अधूनमधून लोखंडास टेकत होती. फ्यूज आपले काम चोख करीत होता. त्याचेच तोंड चंदेरी कागदाने बंद केले गेले. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, आधी मोजावे, मग उघडावे, आणि सर्वांत शेवटी विकत घ्यावे. मोजण्यासाठी लागणारा मल्टिमीटर बॅटरीच्या तुलनेत फार थोड्या पैशांत मिळतो. त्याचा काटा वा चकती २० व्होल्ट डी.सी. वर ठेवून पुढील क्रमाने पाहावे. गाडी रात्रभर उभी असता भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आली तर ती रिकामी समजावी. इंजिन सुरू करून थोडा वेग दिल्यावर तेच माप सुमारे १३.५ ते १४.५ झाले पाहिजे. वाढलेच नाही तर मॅग्नेटची कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांच्या दरम्यानची तार पाहावी. १५ च्या वर गेले तर बहुधा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरी उकळून मारील.

नंतर अर्थची परीक्षा. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी दिव्याच्या अर्थवर टेकवून दिवे लावावेत. तेथे जवळजवळ शून्य दिसावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. ठिबकच्या नळीच्या तोंडाशी दाब पुरेसा असून शेवटच्या झाडास पाणी मिळत नसेल तर आपण मोटार बदलत नाही, नळी कोठे तुंबली ते पाहतो. येथेही तोच न्याय लावावा. पुढे इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवावे. दिवा फडफडला किंवा इंजिन अडखळले तर हँडलच्या मानेपाशी तार आतून तुटलेली आहे. वरचे आवरण शाबूत दिसते, म्हणून हा दोष भल्याभल्यांस चकवतो.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर किल्ली बंद करून, ऋण तार सोडवून, अँपिअरवर लावलेला मीटर मधे जोडावा आणि एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढताच गळती थांबते त्याच शाखेत चोर आहे. मात्र मीटर असा जोडलेला असताना किल्ली किंवा सेल्फ फिरवू नये, मीटर जळेल.

दोन-तीन जोडांचाच दोष असेल तर तेवढेच नीट करावेत. परंतु जागोजागी काळी टेप गुंडाळलेली, तारा उन्हाने कडक झालेल्या आणि रंगांचा मेळ नाहीसा झालेला असेल, तर ठिगळे न लावता वायरिंग नव्याने करणेच शेवटी स्वस्त पडते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. जुना जुडगा ओढून काढण्यापूर्वी प्रत्येक तार कोठून कोठे जाते ते कागदावर उतरवावे. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. जादा दिव्यांची वीज स्विचमधून न नेता रिलेमधून न्यावी, म्हणजे नाजूक स्विचवर भार पडत नाही. दिव्यांस एक चौरस मिलिमीटरची, मुख्य तारेस भाराप्रमाणे दीड ते अडीचची, अनेक बारीक धाग्यांची तार वापरावी. घराच्या भिंतीतील एकेरी कडक तार हादऱ्याने तुटते. जोड पिळून न बांधता थिंबल दाबून वर स्लीव्ह चढवावी. अर्थची जागा घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत मोकळी करावी, बोल्ट आवळून वर ग्रीस लावावे. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीत हे जोड लवकर गंजतात. हँडलच्या मानेपाशी तार थोडी सैल सोडावी आणि सायलेन्सरपासून दूर न्यावी.

याहून महत्त्वाची गोष्ट हिशेबाची. साध्या मोटारसायकलीचे जनित्र शंभर वॅटच्या आसपास वीज देते, तीही वेगात असताना. इंजिन मंद चालत असता त्याहून पुष्कळ कमी. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत पुढचा दिवा सदैव चालू असतो. त्याचे ३५ वॅट, मागचा दिवा व इंजिनाची ठिणगी यांचे तीस-चाळीस वॅट धरले तर शिल्लक किती उरते? त्यावर वीस-वीस वॅटचे दोन दिवे लावणे म्हणजे विहिरीत आवक नसताना बागायत वाढवण्यासारखे आहे. जमाखर्च न पाहता केलेली हौस बॅटरीच्या मुळावर येते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हल्लीच्या गाड्यांत संगणक असतो, तेथे खेड्यातील माणसाने हात घालू नये. हा आक्षेप निम्मा खरा आहे. इंजेक्शनच्या व ए.बी.एस. असलेल्या गाड्यांत कंपनीच्या जुडग्यास टोचू नये, कापू नये. जादा दिव्यांची शाखा बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज घालून वेगळी काढावी, आणि सांगाड्यास वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. पण म्हणून बॅटरीचे माप घेण्यासही भ्यावे, हे काही आम्हास पटत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो रास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल मालकास परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. तेव्हा सांगाडा कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा शेताच्या बांधावर कितीही सोयीचा असला तरी पैठणच्या रस्त्यावर तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो. तेथे तो बंदच असला पाहिजे.

आमची सूचना अशी. आपल्या सोसायटीने प्रत्येक गावच्या गटासाठी एक चांगला मल्टिमीटर घ्यावा. दरवर्षी मृगापूर्वी एक दिवस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखाद्या शिक्षकास बोलावून गावच्या मुलामुलींकडून त्यांच्याच घरच्या गाड्या तपासून घ्याव्यात. आणि प्रत्येक बदललेल्या गाडीचा नकाशा तारांच्या रंगांसह कागदावर काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, सीटखाली ठेवण्याचा प्रघात पाडावा. नवा दिवा लागला की त्यावर तारीख घालून नोंद करावी. काढला तरी करावी.

आमच्या भावकीतील त्या मुलाच्या गाडीत असा कागद आता आहे. परवा त्याने दोनपैकी एक दिवा उतरवला, तेव्हा तीही नोंद त्याने आपल्या हाताने केली. ज्या वाचकांनी आपल्या गाडीचे वायरिंग स्वतः तपासून पाहिले असेल, त्यांनी काय आढळले ते या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावे, अशी आमची विनंती आहे.