किल्ली कुणाच्या कमरेला?

दिवाळीच्या सुटीत कोकणात घरगुती मुक्कामाला जाणाऱ्या मंडळींना एक गाऱ्हाणे हमखास ऐकावे लागते. ओटीवर सोलकढीचे पेले फिरत असतात आणि घरमालक उसासा टाकतात, "हे आमच्यापर्यंतच. मुलांना यात रस नाही." पाहुणेही हळहळून मान डोलावतात. मी डोलावीत नाही. हे गाऱ्हाणे मला साफ खोटे वाटते.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, आणि पुढे तारकर्ली-देवबागच्या माडांखालील कितीतरी घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. काढणारे तेव्हा ऐन उमेदीत होते. कुणाला विचारायला गेले नाहीत. आज त्यांची मुले त्याच वयाची आहेत, आणि भिंतीला रंग कोणता द्यावा हेही त्यांना विचारावे लागते!

गेल्या मे महिन्यात अशाच एका घरी उतरलो होतो. सून पहाटे पाचला उठून चौदा माणसांचे घावणे काढी. मुलगा मासळी आणण्यापासून न्हाणीघर धुण्यापर्यंत सारे करी. पैसे मात्र सासऱ्यांच्या खिशात. या दोघांना महिन्याकाठी काय देता, असे मी विचारले तेव्हा म्हातारबुवा चकितच झाले. "ह्यां घरचां काम! तेंका पगार कसलो?" मुलाने आणखी एक न्हाणीघर बांधू म्हटले, तर उत्तर आले, "मी अजून आसंय मरे!" मुंबईत साध्या कारकुनाच्याही हाती महिन्याला स्वतःच्या नावाचा पगार पडतो. त्या मुलाने कोणता हिशेब मांडावा?

लेकीची तर गोष्टच नको. मोदकांची उकड तिच्या हातची, पाहुण्यांच्या आवडीनिवडी तिला तोंडपाठ; पण धंदा भावाचा. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशाने २००५ साली. ओटीपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

आणि वर प्रवचन मातीच्या ओढीचे! अहो, मुले कष्टाला भीत नाहीत, फुकटच्या कष्टाला भितात. त्यांच्या हाती दिले तर घालवतील, असे म्हणाल. घालवतील थोडे. तुमच्या पहिल्या हंगामात तुम्ही काय कमी घालवलेत?

एका खोलीचा सारा व्यवहार त्यांच्यावर सोपवा. दर त्यांनी ठरवावा, तोटाही त्यांनीच सोसावा. पाडव्याला नव्या वहीची पूजा कराल, तेव्हा पहिल्या पानावर सुनेचे नाव आणि तिची महिन्याची रक्कम लिहा. पाहुण्यांच्या घावण्यांचे पीठ तिला त्यानंतर भिजवू द्या.