विकतचं पुडिंग ताटात वाढू नका

नाताळ जवळ आला की इंग्लंडात एक खोटं विधान घरोघर ऐकू येतं, आणि इथली आपली मराठी मंडळीही ते आता बिनदिक्कत करू लागली आहेत. ‘दुकानातलं काय अन् घरचं काय, चव तीच. आठ तास गॅस कोण जाळणार?’ मी ख्रिसमस पुडिंग घरी करते, विकतचंही भरपूर खाल्लं आहे. चव ती नसते. ज्यांना ती तशी लागते, त्यांना नीट केलेलं घरचं पुडिंग कुणी कधी वाढलेलंच नाही.

या पुडिंगचा जीव मनुकांत नसतो, सुएटमध्ये असतो. सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. लोण्यापेक्षा ती बऱ्याच जास्त उष्णतेला वितळते. त्यामुळे वाफेवर ठेवल्यावर अंडी आणि ब्रेडचा चुरा आधी घट्ट होऊ लागतो, चरबी मागाहून विरघळते आणि तिच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. दिसायला जड असलेलं पुडिंग तोंडात हलकं लागतं ते यामुळे. सगळा मैदा न घालता ब्रेडचा चुरा घालतात तोही याचसाठी. पुढे सात-आठ तासांच्या वाफेत साखर आणि प्रथिनं काळवंडत जातात, आणि गोडाला एक किंचित कडवट धार येते. ही धार नसेल तर ते पुडिंग नुसतं ओलं, गोड पीठ. जायफळ, लवंग, दालचिनी पहिल्या दिवशी वेगवेगळी नाकात जातात. महिनाभर मुरल्यावर त्यांचा एकच वास होतो.

आता विकतच्या खोक्यामागची बारीक अक्षरं वाचा. अनेकांवर पाम तेलाचं सुएट, ग्लुकोज सिरप आणि ओलावा टिकवायला घातलेलं ग्लिसरीन सापडेल. सफरचंदाचा आणि लिंबाचा आंबटपणा जीभ शोधत राहते, आणि हाती येतो तो एकसुरी चिकट गोडवा. खोक्यावर सूचना असते ती तीन-चार मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याची. साखर आणि मद्य इतकं असलेला पदार्थ त्या यंत्रात कुठे करपतो, कुठे कोमट राहतो. असल्या तुकड्यावर ब्रँडी पेटवून टाळ्या वाजवण्यात मला काडीचा अर्थ दिसत नाही.

डर्बीशरमधल्या हीनॉर गावी मॅथ्यू वॉकर हा १८९९ सालापासूनचा पुडिंगचा कारखाना आहे. निरनिराळी सुपरमार्केटं स्वतःच्या नावाने विकतात ती पुडिंगं तिथे तयार होतात. कारखान्यातही पुडिंग वाफवतात आणि मुरवतात, हे मला मान्य आहे. माझा संताप आहे तो ‘बारा महिने मुरवलेलं’ असं सोनेरी अक्षरांत छापून जादा पैसे उकळण्यावर. कपाटाच्या अंधारात भांडं ठेवायला पैसे पडत नाहीत. २०१० साली हेस्टन ब्लुमेन्थल या बल्लवाचार्यांच्या नावाचं, पोटात पाकवलेलं अख्खं संत्रं असलेलं पुडिंग वेटरोज या सुपरमार्केटमध्ये आलं. ते संपलं आणि लोकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजून ते इंटरनेटवर विकत घेतलं. संत्र्याची साल घरी पाकवायला साखर, पाणी आणि एक सकाळ लागते.

बाजाराने या पुडिंगला पूर्वीही वापरून घेतलं आहे. १९२७ साली एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजवाड्यातल्या आचाऱ्याची ‘एम्पायर ख्रिसमस पुडिंग’ची कृती देशभर वाटली : ऑस्ट्रेलियाचे बेदाणे, झांझिबारच्या लवंगा, जमैकाची रम, भारताचा मसाला. वसाहतींचा माल खपवण्याची ती उघड जाहिरात होती आणि तिचा हेतू मला घृणास्पद वाटतो. पण ती जाहिरातसुद्धा बायकांना ‘तुम्ही करा’ म्हणत होती. आजची म्हणते, ‘तुम्ही करू नका, तुम्हाला जमणार नाही.’ आणि आपण ते मुकाट ऐकतो.

घरच्या नावावर काहीही खपवणाऱ्यांचीही मला चीड आहे. ऐन नाताळच्या आठवड्यात घाईने केलेलं, दोन तासांत उतरवलेलं, कच्चटपणा झाकायला अर्धी बाटली ब्रँडी ओतलेलं पुडिंग घरचं असलं तरी वाईटच. कौतुक करणाऱ्या पाहुण्यांनी अशा यजमानांना बिघडवून ठेवलं आहे.

वेळ नाही, ही सबब मराठी घरात तर मी अजिबात ऐकून घेणार नाही. अनारशांसाठी तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, गूळ घालून पीठ मुरवायचं, हे ज्यांच्या घरात चालतं त्यांना पुडिंग डोईजड व्हावं? हाताचं काम तासाभराचं आहे. गोमांसाची चरबी चालत नसेल तर शाकाहारी सुएटची पाकिटं मिळतात. तिथे पाम तेल येतं, पण मसाला, साखर आणि आंबटपणा तरी तुमच्या हातात राहतो. गॅसची काळजी असेल तर प्रेशर कुकर आहेच. भांड्यावर कागद आणि कापड घट्ट बांधा, पहिला अर्धा तास दाब न देता वाफवा, मग दाबावर दोन-अडीच तास. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या पर्वाच्या, आधीच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ‘स्टर-अप संडे’ला, इंग्रज घरांत पुडिंग ढवळायचा रिवाज आहे. त्या दिवशी एक न करता दोन करा. दुसरं पुढच्या नाताळपर्यंत थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. ते पहिल्यापेक्षा चांगलं लागेल.