आधी खिडकी उघडा

दुपारचा शेवटचा तास चालू आहे. वर्गात पन्नास मुले बसली आहेत. रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून खिडक्या बंद केल्या आहेत. शिक्षक फळ्यावर गणित सोडवत आहेत. पण कुणाचे डोके जड झाले आहे, तर कुणाचे डोळे मिटत आहेत. अशा वेळी आपण चटकन म्हणतो, "मुले आळशी झाली आहेत!" मला वाटते, मुलांना दोष देण्यापूर्वी आपण बंद खिडकीकडे पाहावे.

थोडा हिशेब करू. बाहेरच्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे ४२० भाग असतात. आपण सोडलेल्या श्वासात मात्र तो सुमारे ४०,००० भाग असतो. शांत बसलेला एक माणूस ताशी साधारण १५ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे पन्नास जण अर्ध्या तासात ३७५ लिटर टाकतात. वर्ग ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर त्यात १,२६,००० लिटर हवा मावते. असा वर्ग अगदी बंद ठेवला, तर अर्ध्या तासात हे प्रमाण ४२० वरून सुमारे ३,४०० वर जाईल. तुम्हीही हे गणित करून पाहा.

जर्मनीतील शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितले होते, की खोलीतील हे प्रमाण १,००० च्या वर जाऊ देऊ नये.

या वायूमुळे विचारशक्ती खरोखरच मंदावते का? २०१२ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे २२ जणांवर एक प्रयोग झाला. प्रमाण २,५०० असताना त्यांची निर्णय घेण्याची क्षमता बरीच कमी झालेली दिसली. पुढच्या काही प्रयोगांत मात्र असा फरक आढळला नाही. म्हणून सगळा दोष या एकाच वायूला देणे योग्य नाही. पण तो वाढला, याचा अर्थ खोलीतील हवा बदललेली नाही. अशा कोंदट हवेत उष्मा, दमटपणा, घामाचा वास आणि सर्दी-खोकल्याचे जंतूही साठतात. अशा जागी मन कसे रमेल?

कुणी म्हणेल, "आमच्या वर्गात पंखा आहे." पण पंखा तीच हवा फिरवतो. कुणी म्हणेल, "हवा शुद्ध करणारे यंत्र आणू." या यंत्राची जाळी धूळ अडवते, पण कार्बन डाय-ऑक्साइड तिच्यातून सहज निघून जातो. कुंडीतली चार रोपे दिसायला सुंदर असतात, पण पन्नास जणांच्या श्वासापुढे ती अपुरी पडतात.

हवेतून हा वायू काढणे किती अवघड असते, ते अपोलो-१३ च्या प्रवाशांना विचारावे! एप्रिल १९७० मध्ये त्यांच्या यानात स्फोट झाला. दोघांसाठी बनवलेल्या छोट्या चांद्रयानात तिघांना आसरा घ्यावा लागला. तेथे कार्बन डाय-ऑक्साइड वाढू लागला. तो शोषून घेणारे जादा डबे मुख्य यानात होते. पण ते चौकोनी होते आणि चांद्रयानातील जागा गोल होती. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून त्यांनी ते डबे जोडले. हवा सुधारली आणि तिघेही सुखरूप परतले.

त्यांना खिडकी उघडणे शक्य नव्हते. आपल्याला ते शक्य आहे, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रत्येक वर्गात फळा पुसण्याची पाळी असते, तशीच खिडक्या उघडण्याचीही पाळी असावी. तास संपला, की समोरासमोरची दारे-खिडक्या पाच मिनिटे उघडावीत, म्हणजे वारा आरपार जाईल. रस्त्यावर धूर असेल, तर दुसऱ्या बाजूची खिडकी उघडावी. घरी अभ्यासाला बसतानाही हे विसरू नये.

मित्रांनो, 'ताजी' आणि 'हवा' हे दोन्ही शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. त्यांचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. आता उठा, आणि आधी खिडकी उघडा!