औषध होतं, पण मांजरांसाठी नव्हतं

रेमडेसिविर हे नाव २०२१च्या उन्हाळ्यात आपल्या सगळ्यांच्या तोंडी होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या दुकानातून त्या दुकानात धावणारे नातेवाईक आपण पाहिले. त्याच औषधाचं सख्खं भावंड दोन वर्षं आधीच अमेरिकेत मांजरांचे जीव वाचवत होतं.

मांजरांचा कोरोना वेगळा, तो माणसाला होत नाही. बहुतेक मांजरांना थोडे जुलाब होतात, तेवढंच. पण एखाद्या पिल्लाच्या अंगात विषाणू रूप पालटतो. मग ताप उतरत नाही, अनेकदा पोटात पाणी होतं आणि पिल्लू जातं. या रोगाला एफआयपी म्हणतात. आपल्याकडे ‘पोट फुगून मेलं’ म्हटलं की विषय संपतो! १९६०च्या दशकापासून रोग माहीत होता, इलाज नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे डॉ. नील्स पेडरसन यांनी अनेक दशकं त्याचा पिच्छा पुरवला. २०१९ मध्ये त्यांनी ३१ आजारी मांजरांचा अहवाल छापला. जीएस-४४१५२४ नावाचं औषध, रोज कातडीखाली एक इंजेक्शन, निदान १२ आठवडे. त्यातली २५ मांजरं जगली.

इथवर सगळं छान. पण औषध होतं गिलियड कंपनीचं आणि कंपनीने ते प्राण्यांसाठी विकायला परवाना दिला नाही. माणसांच्या रेमडेसिविरच्या मंजुरीत अडथळा नको, असं कारण बातम्यांत आलं. मग काय, चीनमधून चोरट्या मार्गाने बाटल्या येऊ लागल्या. लोक हजारो डॉलर मोजून त्या घेत आणि घरीच टोचत. आत नेमकं काय आहे, कोण सांगणार? ब्रिटनमध्ये हे औषध रीतसर मिळू लागलं २०२१ मध्ये, अमेरिकेत २०२४च्या जूनमध्ये. म्हणजे अहवालानंतर पाच वर्षांनी.

बचत गटात हे सांगितलं, तर एकजण म्हणाली, ‘‘ताई, इथे माणसांना औषध मिळेना, मांजरांचं काय घेऊन बसलात?’’ बोलणं खोटं नाही. पण मला विचाराल तर दोन्हीकडे अडलं ते एकाच जागी. शोध लागला होता, तो घरापर्यंत पोचवायचा कुणी, हे ठरलं नव्हतं. सायप्रस बेटावर २०२३ मध्ये याच रोगाने मांजरं मरू लागली, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी आणलेल्या कोरोनाच्या गोळ्या ऑगस्टमध्ये मांजरांसाठी खुल्या केल्या.