ताटावरून उठलेल्या मुलीचा प्रश्न

दारिद्र्याशी झुंजणाऱ्या चळवळीला भुकेची एकच व्याख्या ठाऊक असते. अन्न नाही म्हणून माणूस उपाशी राहतो आणि अन्न मिळवून देणे हाच त्यावरचा उपाय. ही व्याख्या खोटी नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांत ती आजही खरी आहे. पावसाळा सरला की वीटभट्ट्यांची वाट धरणारी कुटुंबे आणि त्यांच्यामागे फरफटणारी, वजनाला कमी भरणारी मुले पाहिली की तिच्याविषयी शंका उरत नाही. याच भागात स्वातंत्र्यापूर्वी भाई कोतवालांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या, त्या शेतकऱ्याला सावकाराच्या उंबऱ्यावर उभे राहावे लागू नये म्हणून. परंतु घरात अन्न आहे, ताट वाढलेले आहे, आणि ताटावर बसलेल्या मुलीच्या घशाखाली घास उतरत नाही, अशीही एक उपासमार असते. तिच्यासाठी चळवळीच्या शब्दकोशात शब्द नाही. शब्द नाही म्हणून प्रश्नही नाही, असे मानणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना मनातून वाटते. ज्या तालुक्यात कुपोषणाची लढाई अजून संपलेली नाही, तेथे न जेवणाऱ्या कॉलेजकन्येचे दुःख काय मांडायचे, हा त्यांचा सवाल असतो. सवालामागील तळमळ खरी आहे, पण तर्क कच्चा आहे. नैराश्य हा आळस नव्हे आणि आहारविकार हा हट्ट नव्हे. १८७३ च्या सुमारास पॅरिसचे लासेग आणि लंडनचे विल्यम गल या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे अन्न नाकारणाऱ्या तरुण मुलींच्या आजाराचे वर्णन केले, आणि गल यांनी दिलेले अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव रूढ झाले. भडाभडा खाणे आणि मग ते शरीराबाहेर टाकणे, या दुसऱ्या विकाराला लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया हे नाव दिले. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक प्राण घेणाऱ्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. रक्तातले पोटॅशियम घसरते, हृदयाचा ताल बिघडतो, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. चोचल्यांनी माणसे मरत नाहीत.

हा पाश्चात्त्य श्रीमंतांचा आजार आहे, हीही समजूत टिकणारी नाही. हाँगकाँगचे सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की त्यांच्याकडील अनेक रुग्णांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. पोट फुगते, भूक नाही, अन्न जात नाही, एवढेच त्या सांगत. भारतातील डॉक्टरांनीही अशा रुग्णांच्या नोंदी केल्या आहेत. पाश्चात्त्य पुस्तकातले लक्षण आपल्याकडे शोधले, ते सापडले नाही, म्हणून आजारच नाही असा निष्कर्ष काढला, तर दोष रुग्णाचा नाही.

भूक आणि मन यांचे नाते किती घट्ट आहे, याचा एक दाखला समाजवाद्यांना विशेष जवळचा वाटावा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या ३६ अमेरिकन तरुणांनी स्वेच्छेने एका प्रयोगात भाग घेतला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे उभे करावे, हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. निवडून घेतलेली, निरोगी मनाची ही माणसे हळूहळू खिन्न आणि चिडखोर झाली. ती एकटी राहू लागली, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली, आणि पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही काहींना कित्येक महिने सावरता आले नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. मन खचले म्हणून अन्न सुटते आणि अन्न सुटले म्हणून मन आणखी खचते. हे चक्र एकदा फिरू लागले की ‘मनाचा निग्रह कर’ हा उपदेश व्यर्थ ठरतो, कारण ज्या मनाने निग्रह करायचा तेच उपाशी असते.

आता हा प्रश्न पळसदरीला नेऊन पाहावा. कर्जतहून खोपोलीकडे निघालेल्या लोकलचे हे पहिले स्थानक. मुंबईकराला ते ठाऊक आहे ते पावसाळ्यातल्या धबधब्यासाठी, तलावासाठी आणि स्वामी समर्थांच्या मठासाठी. जो तेथे राहतो त्याचे जग मात्र एकेरी रुळावरून जाणाऱ्या मोजक्या गाड्यांना बांधलेले आहे. अशा गावातल्या एखाद्या घरात एक मुलगी जेवेनाशी झाली, तर ते कुणाच्या ध्यानी येईल? घरच्या बायका सर्वांत शेवटी जेवतात आणि बहुधा चुलीपाशी, एकट्याने जेवतात. त्यांच्या ताटात काय पडले हे पाहण्याची रीत नाही. जी व्यवस्था बाईला उरलेसुरले खायला लावते, तीच व्यवस्था तिच्या न खाण्यावर पांघरूण घालते. त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आहेतच. उपवास वाढले तर घर काळजी करीत नाही, कौतुक करते. श्रद्धेला दोष देण्याचे येथे कारण नाही, पण आजार श्रद्धेचा पदर ओढून बसू शकतो, हे घरच्यांनी ओळखले पाहिजे. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असे पाहुणी सहज म्हणून जाते आणि ते वाक्य मुलगी वर्षभर जपते. स्थळे पाहण्याचे दिवस असतील तर बोलायलाच नको. तिला मानसोपचार चालू आहेत हे कळले तर लग्न मोडेल, या भीतीने आई स्वतःच तोंड मिटते.

तरीही तिने मदत मागायचे ठरवले, तर वाट कोणती? पहिला मुक्काम ओळखीचा डॉक्टर. तेथे पित्त, अशक्तपणा, टॉनिक किंवा सलाईन. दुसरा मुक्काम अंगारा. तिसरा मुक्काम शहर. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, आणि ‘ठाण्याला नेले’ या दोन शब्दांना गावात जो अर्थ आहे तो ऐकूनच माणूस मागे फिरतो. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग. तेथवर रेल्वेने थेट जाता येत नाही. खासगी समुपदेशक मुंबई-पुण्यात आहेत, पण दर आठवड्याची फी, प्रवास आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी यांचा हिशेब बहुतेक घरांत बसत नाही. विलक्षण गोष्ट अशी, की याच कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोहोचवण्याच्या त्यांच्या कार्याला २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशाच्या टोकाचा बेघर रुग्ण कर्जतला येऊन बरा होतो, ही या मातीला भूषणावह गोष्ट आहे. पण ती संस्था निराधारांसाठी आहे. घरात राहून, चूल सांभाळून, गाडी पकडून झिजणाऱ्या मुलीची जबाबदारी शासनाची आहे आणि ती कुणा एका सेवाभावी डॉक्टरवर ढकलता येणार नाही.

कायदा तर निःसंदिग्ध आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला परवडणारे, जवळचे आणि सन्मानाचे उपचार मागण्याचा हक्क दिला. किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर त्याच जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, असेही कलम १८ सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांवाचून असल्याचे आढळले. ती पाहणी १२ राज्यांत झाली, आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला आपल्या दुःखाची मोजदाद करण्याचीही निकड वाटू नये काय?

उपाय सुचत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ कार्यक्रमात गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावकऱ्यांतूनच ऐकून घेणारी माणसे तयार केली. गोव्यात ‘संगाथ’ने डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून आरोग्य केंद्रातच नैराश्यावर परिणामकारक उपचार करून दाखवले. हे सारे नैराश्यापुरते आहे, हे विसरू नये. आहारविकारात शरीरच धोक्यात असते. वजन, रक्त आणि हृदय तपासणारा डॉक्टर हवा, बोलणारा उपचारक हवा आणि आहार हळूहळू वाढवणारी देखरेखही हवी, कारण फार खंगलेल्या देहाला एकाएकी भरपेट अन्न दिले तर तेही घातक ठरू शकते. ऐकणारे माणूस वैद्याची जागा घेऊ शकत नाही. पण वैद्यापर्यंतची वाट बहुधा तेच दाखवते.

समाजवादी चळवळीला हा विषय परका नाही. तो तिच्या काळजाजवळचा आहे. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. गांधीहत्येनंतर त्यांनी पुन्हा २१ दिवस अन्न सोडले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांच्या मनाचे निदान आज कुणी करू नये. तो अधिकार कुणाला नाही. त्यांचे उपोषण आणि मुलीचा आजार यांची तुलनाही करू नये. उपोषण जाणीवपूर्वक हाती घेतलेले साधन होते. आजार तिने निवडलेला नाही. मात्र एक प्रश्न चळवळीने स्वतःला विचारलाच पाहिजे. सगळ्यांचे अश्रू पुसणाऱ्या माणसाचा अंधार आपण संवेदनशीलता म्हणून पूजला, की त्याला सोबत दिली? आजही रात्रंदिवस राबणारा, जेवणाची शुद्ध नसलेला कार्यकर्ता आदर्श म्हणून मिरवला जातो, आणि तो एक दिवस बैठकांना यायचा थांबला तर ‘तो ढेपाळला’ एवढीच नोंद होते. ही त्यागाची कल्पना तपासून घेण्याची वेळ झाली आहे.

करावयाचे ते अवघड नाही. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा वार ठरलेला आहे काय, औषधे साठ्यात असतात काय, डॉक्टर त्या वारी येतात काय, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे, लिहून घ्यावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर रेशनच्या प्रश्नासाठी काढतात तसा मोर्चा काढावा. आशाताईंना या आजाराची ओळख करून द्यावी, आणि त्या जादा कामाचा मोबदलाही मागावा. घरात आणि शाखेत देहाच्या जाडीबारकीवर शेरे मारणे बंद व्हावे. ‘जेव ना गं’ असा धोशा लावण्यापेक्षा ‘तुला फार जड जातंय का?’ असे एकांतात विचारावे, आणि उत्तराची घाई करू नये. ती जायला तयार झाली तर पळसदरीच्या फलाटावरून तिच्यासोबत गाडीत बसावे, पहिल्या खेपेला आणि दहाव्या खेपेलाही, कारण हा आजार एका खेपेत बरा होत नाही. भोवळ, छातीत धडधड, उलटीतून रक्त किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२२ पासून चालू असलेली शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तो आकडा प्रत्येक शाखेच्या भिंतीवर असावा.

भुकेविरुद्धची लढाई धान्याच्या कोठीपासून सुरू झाली, ते योग्यच होते. पण कोठी भरल्यावर ती संपत नाही. ताट वाढून झाल्यावर त्यावर कोण बसले, कोण उठून गेले आणि का, हे पाहणारा कार्यकर्ता हवा. मदत मागणे हा दुबळेपणा नाही, असे त्या मुलीला वारंवार सांगितले जाते. ते खरे ठरायचे असेल, तर तिने मागितलेली मदत तिला कर्जतमध्येच मिळाली पाहिजे.